पाहुणीची नथ

माय, उद्या सकाळच्या गाडीने मी बडोद्याला जाते आहे, आणि तू केलेला शेवटचा मुखवटा तोंडावर चढवणार आहे. इतकी वर्षं तो तुझ्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर होता. चाळिशी उलटलेली बाई परग्रहवासी होऊन मिरवणार म्हणजे काय, असं जाऊबाईंनी काल तोंडावर विचारलं. मी म्हटलं, म्हणजे असंच. तुझं नाक माझ्या वाट्याला आलं नाही, हट्ट मात्र सगळा आला.

सुरतला, डिंडोलीच्या त्या एका खोलीत हे वेड सुरू झालं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. बाबा पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये, तू दारात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते आहेस, आणि मी शेजारी बसून वाचनालयातल्या विज्ञानकथा तुला मोठ्यानं वाचून दाखवते आहे. अंतराळयानं, किरण, गुरुत्वाकर्षण तू सोडून द्यायचीस. तू विचारायचीस, "तठे पानी कोन भरस?" लेखकांना हे कधी सुचलंच नव्हतं. मग कळलं की बडोद्याला विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा मेळावा आहे. भाषणं, पडद्यावर ग्रहांची चित्रं, आणि शेवटी परग्रहवासीयांची वेशभूषा. मला जायचंच होतं. मोठे काका खाटेवरून म्हणाले, "पोर सोंग लिसन गावोगाव फिरी? सोयरा काय म्हनतीन?" जेठापुढे, थोरल्या दिरापुढे, तू कधी बोलत नसायचीस. तू पदर पुढे ओढलास, भिंतीकडे बघत मला म्हणालीस, "सांग तुन्हा काकाले, मी संगे जासू." काका हातभर अंतरावर बसलेले, तरी मी तो निरोप त्यांना रीतसर सांगितला. विषय तिथेच मिटला.

टोपल्या करायचीस तसा तू कागदाचा नि मेथीचा लगदा केलास आणि पालथ्या मडक्यावर थापून चेहरा काढलास. हिरवा रंग, वर वाया गेलेल्या टिकल्या. शेवटी नाकात मण्यांची नथ अडकवलीस तेव्हा मी वैतागले. त्या ग्रहावर नथ कुठून येणार? "नाक शे ना? मंग नथ लागीच," तू म्हणालीस. बडोद्याच्या सभागृहात तू पुढच्याच रांगेत बसलीस. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "माजी, आ कया ग्रह परथी आव्या छे?" तू गंभीरपणे सांगितलंस, "लांबथीन येल शे. भूक लागेल व्हई तिले." सगळे हसले, आणि कोणीतरी खरंच माझ्यापुढे खमणची बशी आणून ठेवली. बक्षीस मिळालं नाही. त्या दिवसाइतकी खूश मी लग्नातही नव्हते.

घरी आल्यावर मला तो मुखवटा भिंतीवर टांगायचा होता. तू ऐकेनास. श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीला नदीवर नेऊन सन्मानानं वाटेला लावतो, तसं या परग्रहाच्या पाहुणीलाही लावायचं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून तू मला तापीवर नेलंस. मी रडले, भांडले. "पाव्हनी गयी नही त दुसरी कशी येई?" तू म्हणालीस. निदान नथ तरी ठेवू, कानबाईचे दागिने आपण घरात ठेवतोच की, असं म्हटल्यावर तू डोळे वटारलेस. "कानबाई घरनी शे. पाव्हनीना दागिना कोनी उतारी लेस का?" नथीसकट ती पाण्यात गेली.

आणि दुसरी आलीच. मग तिसरी. आपण अहमदाबादला गेलो, मुंबईला गेलो, आणि तिसऱ्या खेपेला काका स्वतः स्टेशनवर सोडायला आले. चौथी तू रंगवलीस, नथ ओवलीस, आणि मेळाव्याच्या आधीच काविळीनं तू गेलीस.

त्यानंतरही मी मेळावे सोडले नाहीत. दूरदूरच्या गावी गेले, मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. पण तोंडावर काही चढवलं नाही, नवा मुखवटा करायला हात धजला नाही. तुझं म्हणणं खरं ठरलं. चौथीला मी जाऊ देत नव्हते, म्हणून पाचवी येत नव्हती. आता पुरे झालं. उद्या हिला मेळावा दाखवणार, खमण खाऊ घालणार आणि परवा तापीवर नेणार. दशम्यांचं पीठ काढून ठेवलं आहे. पाचवीसाठी मेथी भिजत घातली आहे. लगदा बिघडला तर पुन्हा करीन, तोही बिघडला तर पुन्हा.

हे पत्र कुठे धाडायचं? तुला तर वाचताही येत नव्हतं, मीच वाचून दाखवायचे. आत्ताही मोठ्यानं वाचते आहे आणि इथवर येऊन अडले आहे. पाहुणीच्या नाकात मी ओवलेली नथ आहे, माय. जरा वाकडीच झाली. तुझी मी काढून घेतली.