खाडीवर थांबलेलं विमान

२ एप्रिल, बुधवार

स्विचवर बोट होतं. मागून मामाजी, माझे सासरे, ओरडले — ‘‘थांब!’’

इतक्या मोठ्याने ते महिन्याभरात बोलले नव्हते. मी थांबले.

सकाळी माया झाडू मारताना म्हणाली, ‘‘भाभी, भैया का डब्बा अभी तक गरम है.’’ पडदा काळा होता, म्हणून आम्ही सगळे धरून चाललो होतो की कॉम्प्युटर बंद आहे. बंद करायला गेले तर माउसला हात लागला आणि पडद्यावर समुद्र आला. काळे कडे, कड्यांवर गवत, खाली फेस. फेस हलत नव्हता. मधोमध देवदत्तचं, माझ्या नवऱ्याचं, फोकर विमान — दोन पंख्यांचं, साठ वर्षांपूर्वीचं. कोपऱ्यात लिहिलेलं: पॉज.

त्या रविवारी सिलिंडर आलं म्हणून तो उठला होता. सिलिंडर आत आणलं. मग स्वयंपाकघरात खाली बसला. ते इथे लिहायचं नाही.

मामाजींना मोतीबिंदू. त्यांना पडद्यावर नुसता निळा उजेड दिसला असेल. ‘‘काय हाय ते?’’

‘‘त्याचं विमान. हवेतच राहिलंय.’’

ते खाटेवर बसले. म्हणाले, ‘‘तुले सांगितलं नाही. दहाव्याले कावळा शिवत नव्हता.’’

महादेव घाटावर आम्ही बायका नव्हतो. मामाजी आणि जावई, शेखरभाऊ. पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून राहिले. भटजी म्हणाले, जिवाचं काही राहिलं असेल तर बोला. मामाजींनी बरंच काही बोलून पाहिलं. चित्राला, म्हणजे मला, सांभाळीन. घर विकणार नाही. कावळा ढिम्म.

‘‘मंग म्हटलं, दत्तू, तुझं विमान खाली उतरवून देतो. तवा शिवला.’’

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मामाजी रेल्वेत गार्ड होते. उशिरा सुटलेली गाडी त्यांनी कधी वेळेवर सुटली म्हणून लिहिली नाही. त्यासाठी एकदा बदलीही झाली होती म्हणे, डोंगरगडला.

स्विच तसाच ठेवला.

३ एप्रिल

पॉज काढला. समुद्र सरकला. आवाज आला — शिट्टीसारखा, बारीक. घाबरून परत दाबला. देवदत्तशिवाय तेवढं उडालं.

५ एप्रिल, शनिवार

देवदत्तचा मित्र गौतम आला होता. समता कॉलनीत त्याचा दातांचा दवाखाना आहे, आणि दोघं हाच खेळ खेळायचे. खेळ म्हटलेलं त्यांना चालत नसे.

पडदा पाहून उभाच राहिला. म्हणाला, ‘‘बर्गनहून निघाला होता. उत्तरेच्या समुद्रातल्या फॅरो बेटांवर उतरणार होता. मला मेसेज केला होता त्याने — हवा खराब आहे, मजा येणार.’’

मी विचारलं, सेव्ह करून ठेवता नाही का येणार? येतं. पण या जुन्या विमानात सेव्ह केलेलं परत उघडलं की हवेतच इंजिनं बंद पडलेली असतात. म्हणजे आहे हेच. एकदाच. इंधन पाऊण तासाचं.

‘‘मी उतरवून देतो, वहिनी. वीस मिनिटांचं काम.’’

मामाजी खाटेवरून, ‘‘नाही. शब्द घरचा हाय. घरच्यानंच उतरवायचं.’’

‘‘मग काका, तुम्ही उतरवा!’’

‘‘मले दिसते का, पोट्ट्या? ही उतरवते.’’

कोणी मला विचारलं नाही. मी नाहीही म्हटलं नाही. सध्या कशालाच म्हणत नाही.

गौतमने जाताना इंटरनेटची वायर काढली. मध्येच अपडेट येऊन मशीन स्वतःच बंद होऊ शकतं म्हणे.

८ एप्रिल

कॉलेजातून परस्पर समता कॉलनी. गौतमच्या दवाखान्यामागच्या खोलीत तेच विमान, तेच बेट. तीनदा पाण्यात घातलं. चौथ्यांदा कड्यावर.

‘‘दांडीवरची पकड सैल सोडा. पेशंटला सांगतो तेच सांगतो — तुम्ही ताणून धरलं की जास्त लागतं.’’

पेशंट बाहेर थांबले होते. एकीने आत डोकावून पाहिलं. पांढऱ्या साडीतली बाई विमान पाडते आहे, डॉक्टर शेजारी.

मी साहित्य शिकवते. मुलांना प्रतिमा, प्रतीक समजावून सांगते. समुद्रावर थांबलेलं विमान, इत्यादी. वर्गात असतं तर फळा भरला असता. इथे फक्त चाकं कधी खाली सोडायची ते लक्षात राहत नाही.

१० एप्रिल

जेवले की नाही आठवत नाही. ताट धुतलेलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

दुपारी अंधड. धूळ, पत्रे, मग लाइट गेली. डब्याखालचा यूपीएस टीं टीं करू लागला. तो दहा मिनिटं चालतो. त्या खोलीत इन्व्हर्टरची लाइनच नाही, देवदत्त करून घेणार होता.

मामाजी उठले. भिंतीला हात लावत हॉलमध्ये गेले, टीव्हीमागची लांब वायर ओढून आणली. ‘‘हे घे. खोच. त्या हॉलच्या बोर्डात.’’ मी धावले. पाय उंबऱ्याला लागला. खोचली. टीं टीं थांबलं.

दोघंही जमिनीवर बसलो. मामाजींना दम लागला होता.

‘‘वाचली,’’ म्हणाले. ‘‘गाडी.’’

मग बरंच हसले. अंगठ्याचं नख उखडलं होतं. मी ते पाहत होते. दुखत नव्हतं.

१५ एप्रिल

नागपूरहून नणंदेचा, मंदाताईंचा फोन. मामाजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, शेखरभाऊ शनिवारी न्यायला येतील. डॉक्टर म्हणाले, आता लांबवलं तर उजवा डोळा जाईल.

मामाजींनी फोन हातात घेतला. ‘‘विमान उतरल्याशिवाय मी हलत नाही, मंदा.’’

पलीकडून मोठ्याने — ‘‘बाबा, कोणतं विमान? काय होऊन राह्यलं तुम्हाले?’’

फोन माझ्याकडे. मंदाताई हळू आवाजात, ‘‘वहिनी, तू रडली का वो? एकदा तरी?’’

‘‘शनिवारपर्यंत उतरवते,’’ मी म्हटलं.

१६ एप्रिल

गौतमकडे उतरलं. नीट. त्याने पेढा दिला, दाताच्या डॉक्टरने. मला बरं वाटलं असावं.

१७ एप्रिल

आज नीट उतरलं नाही. दोनदा गवतात.

मामाजी रोज संध्याकाळी त्या खोलीत माझ्यामागे बसतात. मी पॉजमधल्या विमानापुढे नुसती बसते. बटणं मनात म्हणते. त्यांनी आज विचारलं, ‘‘पाणी दिसते का?’’ दिसतं. ‘‘डोंगर?’’ दोन्हीकडे. ‘‘दत्तू यात काय पाहत होता?’’

माहीत नाही. लग्नाच्या अठरा वर्षांत मी कधी त्याच्या मागे बसले नव्हते. त्याने समुद्र फक्त दोनदा पाहिला होता. रोज ऑफिसातून येऊन पाण्यावरून उडायचा. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासायचे. तो शिट्टीसारखा आवाज मला पंख्याचा वाटायचा.

एक गोष्ट लिहून ठेवते. मला ते उतरवायचं नाही. आत्ता ते हवेत आहे.

१९ एप्रिल, शनिवार

शेखरभाऊंची गाडी संध्याकाळी येणार. जेवणं झाल्यावर बसले. गौतम फोनवर, स्पीकर लावून. मामाजी मागे, धुतलेला सदरा घालून.

पॉज काढला.

फेस हलला. शिट्टी. विमान डावीकडे ओढत होतं, पकड सैल सोडली. कडा जवळ आला, त्याच्यावरून पाणी समुद्रात पडत होतं, आणि वाऱ्याने ते परत वर उडत होतं. हे गौतमकडच्या स्वच्छ हवेत नव्हतं. मग ढग. काही दिसेना.

‘‘दिशा सोडू नका, वहिनी. काट्याकडे बघा. बाहेर बघू नका.’’

‘‘काय दिसते?’’ मामाजी.

‘‘काही नाही.’’

‘‘मलेही,’’ ते म्हणाले. ‘‘चालू दे.’’

ढगातून खाली आले. खाडी. दोन्हीकडे डोंगर, टोकाला पट्टी, एवढीशी. चाकं आठवली. वेग जास्त होता. विमान वाऱ्याने हलत होतं, माझे खांदेही त्याच्याबरोबर. गौतम काहीतरी सांगत होता, मी ऐकलं नाही. पाणी संपलं, गवत आलं, आपटलं, उडालं, परत आपटलं. दोन्ही पायांनी ब्रेक. पट्टीचं टोक धावत आलं आणि नाकाखाली थांबलं. वाकडं.

‘‘लागली का गाडी?’’ मामाजी.

‘‘लागली.’’

‘‘किती वाजले?’’

‘‘तीन दहा.’’

त्यांनी मान हलवली. गौतम फोनवर ओरडत होता. मग म्हणाला, ‘‘इंजिन बंद करा आता, वहिनी. तांबडा दांडा.’’

ओढला. पंखे एकदम थांबत नाहीत. शिट्टी बारीक होत गेली. पाती मोजता येतील इतकी सावकाश झाली. मग एकेक पातं दिसलं. मग काही नाही. त्या काचेवर पाऊस पडत होता.

मी किती वेळ बसले होते माहीत नाही. मामाजींचा हात डोक्यावर होता. चेहरा ओला होता, सदऱ्याच्या बाहीने त्यांनी पुसला. माझा.

मग भूक लागली. सकाळची भाकर आणि ठेचा, ओट्याशी उभ्यानेच. तिखट लागलं. फार तिखट लागलं. अंगठाही ठणकायला लागला.

२० एप्रिल, रविवार

सकाळी चहा घेताना शेखरभाऊंना म्हटलं, घाटावरचा मामाजींचा शब्द काल पुरा झाला.

‘‘कोणता शब्द?’’

‘‘कावळा शिवत नव्हता, तेव्हाचा.’’

‘‘कावळा?’’ ते हसले. ‘‘वहिनी, पिंड ठेवून हात मागे घेतला नाही तोच शिवला. एक आला, मागून चार. गुरुजी म्हणे, तृप्त माणूस गेला.’’

मामाजी दारात बॅगेची चेन लावत होते. लागत नव्हती. त्यांनी वर पाहिलं नाही. मी खाली बसले आणि लावून दिली.

नागपूरची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. तशीच लिहिली आहे.