हसण्यावर मिळवलेली मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय पूर्वी टेनिस, सध्या काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी असावे लागते. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, पण ते सांगताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला, म्हणून हा कागद. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाईंचे म्हणणे असे की मृत्युपत्रात आठवणी लिहायच्या नसतात. मी म्हटले, "मग कुठे लिहू?" त्यावर त्यांनी मला आणखी कोरे कागद दिले.

कलम १. मालमत्ता कशी आली.
माझी सर्व मालमत्ता स्वकष्टार्जित आहे, परंतु टेनिसमधून मिळालेली नाही, हे येथे स्पष्ट करते. एकेरीत मी एकही मोठी स्पर्धा जिंकले नाही. मोठ्या स्पर्धांत दुसऱ्या फेरीपलीकडे क्वचितच पोहोचले. घर, शेअर, ठेवी, हे सगळे दंतमंजन, घड्याळ, विमान कंपनी आणि शाम्पू यांच्या जाहिरातींतून आले आहे. माझे वडील दातांचे डॉक्टर होते. तेराव्या वर्षी त्यांनी माझ्या दातांना तारा बसवल्या आणि मी रडून गोंधळ घातला तरी काढल्या नाहीत. ज्या हसण्याची पोस्टरे पुढे भिंतीभिंतीवर लागली ते हसू त्यांच्या हातचे आहे. मी हरून घरी आले की ते म्हणत, "दात माझ्या हातात होते गं. बॅकहँड नव्हता."

कलम २. राहते घर.
पुढे ज्या वस्तू कोणाला दिल्या आहेत त्या सोडून हे घर सर्व सामानासह विकावे. आलेली रक्कम सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागाला द्यावी आणि ज्यांना परवडत नाही अशा मुलामुलींचे दात तिथे सरळ करावेत. वडिलांच्या नावाची पाटी लावली तर चालेल, माझ्या नावाची नको.
टेनिस संघटनेचे दोन पदाधिकारी मागे येऊन गेले. या घरात माझ्या नावाची अकादमी काढू म्हणाले. मी विचारले, "तिथे मुलींनी माझ्याकडून काय शिकायचं? हसायला?" ते दोघेही हसले. माझा प्रश्न खरा होता. संघटनेला काहीही देऊ नये.
घर घेणाऱ्यासाठी सूचना: जेवणाच्या टेबलाच्या बहुतेक खुर्च्यांवर कारखान्यातले प्लास्टिक अजून तसेच आहे. काढून टाकावे, खुर्च्या चांगल्या आहेत. मागच्या टेनिस कोर्टावर चेंडू फेकणारे यंत्र आहे, तेही चालू स्थितीत आहे. मी अलीकडेपर्यंत त्याच्याशीच खेळत होते. त्यातले चेंडू संपले की ते घरघरत राहते, आणि मग कोर्टभर पसरलेले चेंडू आपणच वेचायचे असतात. यंत्र कोणी मागितले तर फुकट द्यावे.

कलम ३. माजी पती.
लग्न एकदा झाले. त्यांनी ते पोस्टरशी केले होते आणि घरी मी गेले. सकाळी चहाच्या वेळी मी हसत नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. आम्हाला मूल नाही. घटस्फोट रीतसर झाला आहे, त्यांचे देणेघेणे पूर्ण झाले आहे. माणूस वाईट नव्हता.

कलम ४. धाकटा भाऊ.
भाऊ ज्या फ्लॅटमध्ये राहतो तो माझ्या नावावर आहे. तो त्याला द्यावा. शाम्पूच्या कंपनीचे शेअर वहिनीला द्यावेत, तिला तो शाम्पू सवलतीत पुष्कळ मिळाला तरी तिने कधी वापरला नाही. याउपर भावाचा कशावरही हक्क नाही. तो फोन करतो तेव्हा पहिले वाक्य "ताई, तब्येत कशी आहे?" आणि दुसरे "कागदपत्रं केलीस का?" असते. पहिल्याचे उत्तर मी अजून दिलेले नसते. भाऊ, कागदपत्रे केली.
वडिलांची दवाखान्यातली खुर्ची तो भंगारात घालायला निघाला होता. ती मी टेम्पो करून आणली आणि वरच्या खोलीत ठेवली. म्हणून ती खुर्ची त्याला नाही.

कलम ५. स्वयंपाकीणबाई आणि ड्रायव्हर.
गाडी ड्रायव्हरला द्यावी. माझ्या दोन्ही ठेवी स्वयंपाकीणबाईंना द्याव्यात, आणि वडिलांची खुर्चीही. मी बाहेर गेले की दुपारी त्या तीत झोपतात. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. इतकी वर्षे आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्याने जेवत आलो. मोठ्या टेबलाशी एकटीने बसायला मला नको वाटते, आणि माझ्यासोबत तिथे बसायला त्यांना.

कलम ६. दुहेरीचा चषक.
हे कलम रद्द केले आहे. का, ते लिहिते.

आयुष्यात मी एकच मोठी स्पर्धा जिंकले, तीही दुहेरीत. माझी जोडीदार डावखुरी होती, सगळे तिला डावरी म्हणत. अंतिम सामना जवळजवळ तिनेच जिंकला. मी जाळीपाशी उभी होते आणि दोन-तीन चेंडू बरे मारले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला तो माझा एकटीचा. तिला कापून टाकले होते. माझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात आहे एवढेच दिसत होते. तिने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हात तरी चांगला आलाय."

पुढच्या वर्षी विमानतळावर, चहा पिताना, तिने सांगितले की ती दुसरी जोडीदार बघतेय.
मी म्हटले, "माझं काही चुकलं का?"
"नाही गं. पण तुझ्याबरोबर जिंकले तरी मी हरल्यासारखी दिसते. आणि तू हरलीस तरी लोक तुझ्याचकडे येतात. मला एखादी साधी मुलगी बघू दे."
तिला ती मिळाली. दोघी पुष्कळ जिंकल्या. मी ते सामने टीव्हीवर, आवाज बंद करून पाहिले. वडील गेले तेव्हा तिचा फोन आला होता, तेवढाच. ती रागाने गेली असती तर मला भांडता तरी आले असते. ती समजूतदारपणे गेली, आणि ते मी तिला कधी माफ केले नाही. चषक मात्र तिला द्यावा, असे या कलमात लिहिले होते.

मग साक्षीदारांचा प्रश्न आला. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याची साक्ष नको. म्हणजे स्वयंपाकीणबाई आणि ड्रायव्हर बाद झाले. डॉक्टर एक साक्षीदार झाले. वकीलबाई पुढे म्हणाल्या, "अजून एक हवा. तुम्हाला जवळून ओळखणारा. उद्या कोणी हरकत घेतली तर कोर्टात उभा राहील असा."
"मला तर सगळेच ओळखतात," मी म्हटले.
"ते झालं हो. तुम्ही कोणाला ओळखता?"

मी फोन उघडून नावे वर-खाली सरकवत बसले. जाहिरात कंपन्या, समारंभांचे आयोजक, केशरचनाकार, ज्यांचे चेहरे आठवत नाहीत अशी माणसे. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेवटी मी डावरीला फोन लावला. ती आता रोपवाटिका चालवते.
"सही करायला येशील?" मी विचारले.
"कशावर?"
"माझ्या मृत्युपत्रावर."
पलीकडे पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दुपारी गिऱ्हाईक नसतं. दुपारी येते."

ती आली तेव्हा चपलांना माती होती म्हणून दारातच थांबली. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. वकीलबाईंनी तिला नियम सांगितला: सही केली तर चषकावर पाणी सोडावे लागेल. तिने कलम सहा वाचले, सगळे, माफीचे वाक्यसुद्धा. मला वाटले उठून जाईल.
"मेल्यावर कशाला देतेस?" ती म्हणाली. "आत्ता दे की. मग सही करायला मी मोकळी. चालतं ना हो बाई?"
वकीलबाई म्हणाल्या, चालते.
मी कपाटातून चषक काढला. तिने तो हातात फिरवून पाहिला. "इतका हलका होता का गं?" म्हणाली, आणि रोपे आणायच्या पिशवीत टाकला. वस्तू हातोहात दिली, म्हणून कलम सहा रद्द.
"दवाखान्यात सोबत कोण आहे?" तिने विचारले.
"स्वयंपाकीणबाई."
ती हूं म्हणाली. अजून काही म्हणेल म्हणून मी थांबले, पण तिने घड्याळाकडे पाहिले. संध्याकाळी तिला झाडांना पाणी घालायचे असते.

कलम ७. अंत्यविधी.
साधा करावा. गर्दी जमवू नये. वर्तमानपत्रांना फोटो हवा असेल तर ते दंतमंजनाचाच छापतील, त्यांना अडवू नये. मरताना माझा चेहरा कसा होता हे कोणाला सांगू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. ही दुसरी प्रत आहे. पहिलीवर मी सवयीने चाहत्यांना देत असे तशी सही केली, खाली छोटा चेंडू काढून. वकीलबाई म्हणाल्या, ही नको, बँकेतली करा. तेव्हा हे सर्व पुन्हा लिहून, वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर बँकेतली सही करीत आहे.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च

लिहून देणार: (सही)

लिहून देणार बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, त्या शुद्धीवर होत्या, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) व्यवसाय: हृदयरोगतज्ज्ञ. लिहून देणार यांच्याशी संबंध: उपचार करणारे डॉक्टर.

साक्षीदार २: (सही, डाव्या हाताची) व्यवसाय: रोपवाटिका. लिहून देणार यांच्याशी संबंध: जोडीदार.