हेझलचा मुलगा

बेस्ट (नेदरलँड्स), १० सप्टेंबर २०२५

ती. नानांना यतीनचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि घरात मोठ्याने बोलण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहितो. पत्राचा फोटो तुमच्या शेजारच्या आर्याच्या फोनवर पाठवतो. ती छापून देईल, तुमचं उत्तरही तसंच पाठवेल, पण आईला वाचून दाखवू नका.

मागच्या अंगणात शेडसाठी खड्डा खणत होतो. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, विचारूनच सुरुवात केली होती. गुडघाभर खाली हाडं लागली. माणसाची. सोबत गंजलेलं हेल्मेट आणि चिखलाने माखलेला पत्र्याचा बिल्ला. तसलंच हेल्मेट शेजारच्या योकेआजींनी फुलझाडाची कुंडी म्हणून टांगलंय. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाल्या, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पोरं छत्र्यांनी याच शेतांत उतरली, कालव्यावरच्या पुलासाठी लढली. काहींचा अजून पत्ता नाही.

मीनल ऑफिसात होती. तिच्या बाळंतपणासाठी आलेले अण्णा, तुमचे व्याही, तेवढे घरात. त्यांनी आपल्या नव्या उपरण्यात हाडं बांधली आणि जुन्या शेडात ठेवली. सर्वपित्रीला कालव्यात सोडू, मीनलला कळता कामा नये म्हणाले. तिला सातवा महिना, त्यात डॉक्टरांनी ब्लडप्रेशर वाढल्याचं सांगितलंय.

मला वाटतं पोलिसांना सांगावं. पण घर मीनलच्या नावावर, व्हिसा मीनलच्या नोकरीवर. मी डिप्लोमा अर्धवट सोडून पार्सलं पोचवणारा जावई. अण्णांना नाही कसं म्हणू? काय करू ते कळवा.

तुमचा,
यतीन

मिरज, १२ सप्टेंबर

चि. यतीन, अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही खाडाखोड नाही. म्हणजे तू ते तीनदा उतरवून काढलंस, म्हणजे चांगलाच घाबरला आहेस. शाळेतही तुझं असंच होतं. शुद्धलेखनात पैकीच्या पैकी आणि पेपर निम्मा कोरा.

आपले व्याही गुरुनाथराव म्हणतात ते मला पटतं. दुसऱ्याच्या मुलखात लढायला आलेलं पोर, इतकी वर्षं मातीत. पाणी द्यायला कुणी नाही. पितृपक्षात ज्याचं कुणी नाही त्यालाही आपण देतोच. तीळ, दर्भ नीट घ्या, घाई करू नका. वाहत्या पाण्यात सोडलं की तो सुटला. परदेशात पोलिसांच्या भानगडीत तू पडू नयेस असं मलाही वाटतं. मीनलला जप.

तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. आंब्याच्या लोणच्याची बरणी अजून का उघडली नाहीस म्हणून रागावली आहे.

तुझे,
नाना

बेस्ट, १९ सप्टेंबर

ती. नानांना सा. न.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस बरं वाटलं. आता वाटत नाही.

तिलांजली देताना नाव घ्यायला हवं, म्हणून अण्णांनी मला तो बिल्ला साफ करायला सांगितलं. देवाची भांडी घासतो तशी चिंच लावून घासला. नाव निघालं लेस्टर, पुढे आडनाव. त्याखाली नंबर. त्याच्याही खाली एका बाईचं नाव, हेझल, आडनाव तेच, आणि गावाचा पत्ता. मी एकेक अक्षर दोनदा ताडून पाहिलं. योकेआजींना विचारलं. सुरुवातीच्या बिल्ल्यांवर घरचं माणूस असायचं म्हणाल्या, काही झालं तर कळवायला. आई असणार. मी का विचारतो, ते त्यांनी विचारलं नाही.

नाना, निरोप कुणाला द्यायचा ते तो गळ्यात बांधून फिरत होता, आणि तो निरोप आमच्या शेडात उपरण्यात पडलाय.

अण्णांना दाखवलं. ती बाई केव्हाच गेली असेल, आता कुणाला कळवणार, म्हणाले. उद्या नाही, परवा अमावस्या. मीनल दोनदा विचारून गेली की मी जेवत का नाही. उत्तर लवकर द्या.

तुमचा,
यतीन

मिरज, २० सप्टेंबर

चि. यतीन, आशीर्वाद.

ज्याचं कुणी नाही त्याला पाणी द्या असं मी लिहिलं होतं. याचं कुणी आहे. ती गेली असली तरी तिच्यामागे कुणी असेल. त्यांना न विचारता आपण परस्पर त्याला सोडायचं नाही. गुरुनाथरावांना माझा नमस्कार सांग आणि हे पत्र दाखव. राग आला तर माझ्यावर येऊ दे.

तुझं न ऐकता आईला सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, मीनलला हाडांची भीती वाटेल हे तुम्हाला कळतं, मग पोराचा निरोप न येणं काय असतं हे तिला कळणार नाही का? तिला आधी सांग.

तुझे,
नाना

बेस्ट, २४ सप्टेंबर

ती. नाना आणि आईला सा. न.

तुमचं पत्र रविवारी उठल्यावर वाचलं. शेडात गेलो तर गाठोडं नव्हतं. अण्णाही नव्हते.

सायकलवरून कालव्यावर गेलो. अण्णा काठावर बसले होते, उपरणं मांडीवर अर्धं उघडं. एक ओंजळ सोडून झाली होती. बोटांची बारीक हाडं असावीत. मी तिथेच तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. ते म्हणाले, नाव घेताना त्याच्या आईचंही तोंडात आलं आणि पुढचा हात उठला नाही. उपरणं त्यांनी स्वतःच परत बांधलं.

घरी येऊन मीनलला सांगितलं. ती हाडांना घाबरली नाही. तिच्या घरात, तिच्या अंगणात तीन पुरुषांनी तिला सोडून ठरवलं, याचा तिला राग आला. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पण फोन तिनेच लावला.

आधी पोलीस आले, मग लष्कराची माणसं. अंगणात तंबू ठोकून त्यांनी सगळी माती चाळली. त्यांच्यातल्या एका बाईंनी उपरण्याची घडी हळूच उलगडली, हाडं मांडली आणि विचारलं, सगळं एवढंच आहे का. वाक्य माझ्या मनात तयार होतं, तोंडातून निघेना. व्हिसा डोळ्यांपुढे होता.

दुकानात दूध मागायलाही मला सोबत नेणारे अण्णा पुढे झाले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, काही पाण्यात आहे, मी टाकलं, या मुलाने नाही. बाई लिहू लागल्या, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मला मराठीत म्हणाले, “यांना सांग, त्याच्या आईला हेही कळवा.”

मी सांगितलं. ती आई आता नसणार, हे तिथे कुणीच बोललं नाही. बाईंनी तेही लिहून घेतलं.

सोमवारी अण्णांना आणि मला जबाबाला बोलावलंय. पुढे काय होईल माहीत नाही. मीनल सोबत येते म्हणाली. कालव्यात बहुतेक पाणबुडे उतरवतील. अण्णा रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहतात.

या वेळी खाडाखोड झाली आहे, ती तशीच पाठवतो. आमच्यावर माया असू द्या.

तुमचा,
यतीन