चांदीपच्या खळ्यावरची शीळ

बाबा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्हाला वाटतं, मी सातारच्या पवनचक्की कंपनीत ऑफिसात बसते. मी वर चढते, बाबा. पाती थांबवून, अंगाला पट्टा बांधून, पंचवीस मजले उंच!

खळ्यावर भात उफणताना वारा पडला की तुम्ही शीळ घालून त्याला बोलवायचात. म्हणून वर काम चालू असताना मी कुणालाच शीळ घालू देत नाही. पोरं हसतात, पण ऐकतात.

आज दुरुस्ती उरकून आम्ही उतरलो, तर वारा गायब. सगळे मान वर करून बसले. शेवटी मी तुमची शीळ घातली. पाती हलली, मग फिरायलाच लागली.

साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलीस?"

"चांदीपला. बाबांकडे."

तुमची,
ऑफिसात बसणारी
विनिता