सर्पगंधेचे दहा थेंब

५ ऑगस्ट २००७, रविवार

आईंना व्होडका सापडली! सिंकखालच्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे. दोन बोटांत बाटली धरून हॉलमध्ये आल्या. "हे काय हाये?" बाबासाहेबांच्या फोटोसमोर, ऐन वर्षावासाच्या पवित्र महिन्यांत! रत्नदीप पेपरात तोंड घालून बसला. आई आणि बायकोचं वाजलं की या माणसाला जगाच्या बातम्यांची काळजी लागते.

मी सांगितलं, प्यायला नाही, अर्क काढायला आणलीय. माझ्या बाबांनी अकोल्याच्या आयुर्वेदिक फार्मसीत तीस वर्षं हेच केलं. मुळं कुटायची, स्पिरिटमध्ये बुडवायची, पंधरा दिवस अंधारात ठेवून रोज हलवायची, मग गाळायचं. अडुळसा खोकल्याला, गुळवेल तापाला, ब्राह्मी विसराळूपणाला. एका बाटलीत एकच झाड. "दोन मिसळली की चोर सापडत नाही," असं बाबा म्हणतात. म्हणजे काही बिघडलं तर कुणी बिघडवलं ते कळलं पाहिजे.

हे तुमच्यासाठीच आहे म्हटल्यावर आई जास्तच भडकल्या.

९ ऑगस्ट, गुरुवार

या देशाच्या नॅशनल डेची सुट्टी. आमच्या सेंगकांग भागावरून विमानं गेली, लेक आमू खिडकीत नाचली. आई मात्र कानांवर हात ठेवून बसल्या. रात्रभर झोप नाही. मामंजी गेल्यापासून हे असंच आहे. बीपी १७०. अमरावतीच्या गोळ्या चालूच आहेत, फरक शून्य.

रत्नदीपच्या ऑफिसातला शैलेंद्र नागपूरहून परत आला. बाबांनी त्याच्या बॅगेतून सर्पगंधेची मुळं पाठवलीत, मोज्यात गुंडाळून! बीपी आणि झोप, दोन्हीला जुन्या काळापासून हीच देतात. इथे असं आणलेलं चालतं का, मला माहीत नाही. विचारायची हिंमतही नाही.

बाबा फोनवर म्हणाले, "दहा थेंब. अकरावा नाही. हे झाड गंमत करण्यातलं नाही, प्रिया."

मोठी बरणी आज भिजत घातली.

२६ ऑगस्ट, रविवार

गाळला. सुंदर तपकिरी रंग! दिवसभर लॅबमध्ये प्लॅस्टिकचे रेणू मोजते, त्यात कुणाचं काही भलं होत नाही. हे आपलं वाटतं.

आईंनी तोंड फिरवलं. "रोज सकाळी पाचवं शील म्हणते, अन् राती दारू पेऊ?"

"आई, औषध आहे ते. दहा थेंब, पेलाभर पाण्यात."

"थेंब असो का पिंप असो. शील ते शील."

मग मीही चिडले. म्हटलं, बीपीने डोक्यातली नस फुटली तर शील येणार आहे का ॲम्ब्युलन्समध्ये? नको होतं बोलायला. पण संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "ठेव ते बाटली माह्याजवळ. घेईन मी माह्या रीतीनं."

जिंकले!

२ सप्टेंबर, रविवार

आई सलग आठ तास झोपल्या! बीपी १४०. रत्नदीपने चक्क माझी पाठ थोपटली. बाबांना फोन केला, त्यांचा आवाज फुलला होता.

बाटली मात्र अर्धी संपली. हात थरथरतो, सांडत असतील. बरणीतून पुन्हा भरून दिली.

९ सप्टेंबर, रविवार

ईस्ट कोस्टला राणीच्या कॉन्डोवर बुद्धवंदना होती. राणी माझी इथली पहिली मैत्रीण. सातवा महिना लागलाय. कुशीवर झोपता येत नाही, पाठीवर झोपता येत नाही, म्हणून रडकुंडीला आलीय. प्रबोध, तिचा नवरा, महिन्यातले पंधरा दिवस जकार्ताला. बायका आईंना विचारत होत्या, तुम्हाला आता झोप लागते म्हणे? मी मधेच आईंचं बीपी सांगितलं, वर बाबांची फार्मसीही. मिरवून घेतलं.

एक खटकलं. आई एरवी सगळ्यांचे पाली उच्चार सुधारतात, कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. आज एका मुलाने चार चुका केल्या, त्या गप्प बसून होत्या.

परत आलो तर ब्लॉकखाली कागद जळत होते. इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना उद्या संपतो. धूर आठव्या मजल्यापर्यंत आला. आईंच्या हे लक्षातही आलं नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

बीपी १००. म्हणजे गुण आला. असं मी रत्नदीपला सांगितलं.

पण आई फिरायला येत नाहीत. डाळ निवडताना रडत होत्या. काय झालं विचारलं तर "काही नाही वं, उगाच." नाक सतत चोंदलेलं. हात गार. आमू म्हणाली, "आजी ऑलवेज स्लीपिंग, ला. सो बोरिंग." मी तिला दटावलं.

अमरावतीची आठवण येत असेल. किती महिने झाले इथे येऊन, लहान मूल आईबापांपासून लांब गेल्यासारखं होत असणार त्यांना या देशात. दुसरं काय असणार? मी नीट दहा थेंब सांगितलेत, त्या नीट दहाच घेतात. काल समोर उभं राहून मोजले. बाटलीतून एका छोट्या शिशीत काढून ठेवतात, त्या शिशीतून, ड्रॉपरने. बरोबर दहा.

१८ सप्टेंबर

आज आईंनी त्रिसरण अर्ध्यावर सोडलं. पुढचं आठवेना.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बाथरूममध्ये पडल्या. दार आतून बंद. रत्नदीपने कडी तोडली. डोळे उघडे, पण ओळख नाही. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली.

नाडी ३८!

डॉक्टर तरुण, चिनी मुलगी. शांत. कोणत्या गोळ्या, विचारलं. रत्नदीपने अमरावतीची पाकिटं दाखवली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "एनी हर्बल मेडिसिन? ट्रॅडिशनल मेडिसिन?"

मी म्हटलं, "नो."

का म्हटलं? मोज्यातली मुळं आठवली. माझा इथे राहायचा, काम करायचा पास, रत्नदीपचा पास, आमूची शाळा. एका शब्दात सगळं वाचवायला गेले. रत्नदीपला वाटलं, मी गडबडीत विसरले. त्याने आठवण करून द्यायला तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला. त्याने पाकिटं पिशवीत परत भरली. बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याला माझी भीती वाटली असेल.

२२ सप्टेंबर, शनिवार

आईंचे कपडे न्यायला घरी आले. राईस कुकरच्या झाकणावर स्टीलची ताटली. तळाला चिकट, काळपट थर. वास घेतला. मातीचा, मुळांचा. स्पिरिटचा अजिबात नाही.

आमूला विचारलं. "आजी कुक द दारू अवे. एव्हरी मॉर्निंग, व्हेन यू गो वर्क. सीक्रेट, ओके?"

रीत ती ही! बाटलीतला अर्क ताटलीत ओतायचा, भाताच्या गरमीवर ठेवायचा, दारू उडून जाईपर्यंत. पाचवं शील शाबूत. खाली उरेल ते काकवीसारखं दाट — ते त्या छोट्या शिशीत. आणि त्याचे दहा थेंब! दारू उडाली, झाड कुठे उडणार? सर्पगंधा होती तितकीच राहिली. मी समोर उभी राहून मोजत होते, आणि प्रत्येक थेंबात कित्येक दिवसांचं औषध होतं. वर अमरावतीच्या गोळ्या.

शिशी कचरा खाली टाकायच्या नळीत टाकली. बरणी सिंकमध्ये ओतली. मग लक्षात आलं, पुरावा लपवणारे असंच करतात.

२४ सप्टेंबर, सोमवार

बुधवारी पेसमेकर बसवायचं म्हणतात. हृदय आपणहून नीट चालत नाही, त्यांना कारण सापडत नाही. कारण माझ्याजवळ आहे! सत्तरीच्या बाईच्या छातीला चीर देणार, आणि मी बाहेर बाकावर बसून रडणार, चांगली सून म्हणून.

राणी डबा घेऊन येणार होती, आली नाही. प्रबोधचा जकार्ताहून मेसेज आला, तिला फार थकवा आहे, झोपून असते, सॉरी.

बाबांना सगळं सांगितलं. आईंनी किती दिवस घेतलं, तेवढं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "चोर सापडलाय ना? मग सांग जाऊन. माझं नाव घे. मी पाठवलीत मुळं." बाबा रडत होते. मी त्यांना कधीच रडताना ऐकलं नव्हतं.

२५ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं.

डॉक्टरने झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घेतलं. मी स्पेलिंग सांगितलं. ती म्हणाली, हे शुक्रवारी कळलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच. ओरडली असती तर सोसलं असतं. पेसमेकर रद्द. गोळ्या बदलल्या. अंगातून उतरायला वेळ लागेल, वाट बघायची.

रत्नदीप लिफ्टमध्ये म्हणाला, "माझा हात का दाबलास?"

२८ सप्टेंबर, शुक्रवार

नाडी ५८! आईंनी स्वतः उठून पेज खाल्ली. नर्सला म्हणाल्या, यात मीठ नाही. नर्सला काही कळलं नाही, मला मात्र हुंदका आला. त्यांचे पाय धरले, सगळं कबूल केलं. त्यांना राग आला नाही. "तुही काय चूक? म्याच तुह्यापासून लपवलं." डोक्यावरून हात फिरवला. हात ऊबदार होता.

पासचं काय व्हायचं ते होवो. आज मी सहा तास झोपले.

२९ सप्टेंबर, शनिवार

टॅक्सीत लिहितेय.

सकाळी आई एकदम ताज्या. उशीला टेकून बसल्या होत्या. आधी आमूची चौकशी केली, मग म्हणाल्या, "राणीले झोप लागते ना वं आता? वंदनेच्या दिवशी शिशी देल्ली तिले. दहा थेंब, तू सांगतं तसे. पोटात लेकरू हाये, दारूचा वाससुद्धा जायले नको तिच्या आत. म्हणून तिची चांगली दोनदा आटवली."

प्रबोध जकार्तालाच आहे. ईस्ट कोस्ट अजून पंधरा मिनिटं. राणी फोन उचलत नाही.