मोटारीमागे दमणी

माघ वद्य पंचमी, दिवेलागण

हात अजून गरम वाटतोय. मघाशी सरदारांच्या विजेच्या मोटारीची बॅटरी भरत होती. पेटीवर सहज हात ठेवला, तर ती चांगलीच तापलेली.

मी सगळा हिशेब भिंतीवरच्या मीटरवरून केला. इतकी वीज आत गेली, म्हणजे इतके मैल. पण आत गेलेली सगळी चाकांपर्यंत पोचते कुठे? काही तर या उष्णतेतच गेली. किती गेली? ठाऊक नाही. बॅटरीतून बाहेर पडते ती मोजायला हवी होती, ते सुचलेच नाही.

उद्या याच मोटारीतून सरदारांच्या घरच्या सूनबाई बाळंतपणाला माहेरी जाणार, हिसके बसत नाहीत म्हणून. बडोदे सुटले की सगळा ओसाड माळ. तिथे मोटार थांबली तर?

सरदारांच्या मातोश्रींनी विचारले होते, "दत्तोपंत, मागे बैलांची दमणी पाठवू का?"

मी हसून म्हणालो, "विजेला बैल कशाला, आईसाहेब?"

आता कोणत्या तोंडाने सांगू? नोकरी जाईल. आत सूनबाईंची ट्रंक भरता भरता बायका माझेच वाक्य म्हणून हसताहेत. हात गालाला लावून पाहिला. गरमच आहे. उठून आईसाहेबांकडे जायलाच हवे.