पहिला अंगठा

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

या अंगठ्यानं घात केला. वर्गात स्मार्ट बोर्ड बसल्यापासून शबाना मॅडम आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर रोज व्हिडिओ टाकतात आणि विचारतात, "समजलं का?" मला ओ की ठो कळत नाही. तरी अंगठ्याचं चित्र पाठवते, सगळ्यांच्या आधी. आज त्यांनी लिहिलं, "जाधवबाई, तुमचा अंगठा नेहमी पहिला. गुरुवारी तुम्हीच सगळ्यांना शिकवा."

दोन दिवसांत काय शिकणार मी? पालकसभेत अंगठा उठवणाऱ्या आयांना हात धरून सही शिकवली मी. त्या निदान सांगायच्या तरी, बाई, येत नाही म्हणून.

"मला येत नाही," तीनदा लिहिलं. तीनदा पुसलं. शेवटी अंगठाच उठवला.